डॉ. रोझॅलिन यॅलो : विद्या आणि संसार

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी झालेले भाषण)



गुणगौरवाच्या दिवशी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र सभेपुढे ठेवावे, हा आपल्या मंडळाचा जुना प्रघात आहे. यंदा ते काम चिटणीसांनी मजकडे सोपविले, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. अणुविज्ञानाचा अधिकार माझ्यापाशी नाही. कठीण गोष्ट सोपी करून सांगण्यात शाळामास्तराचा जन्म जातो; तेवढ्याच बळावर मी आज एका परदेशस्थ विदुषीची कथा सांगणार आहे. पारितोषिके घेण्यासाठी पुढच्या रांगेत बसलेल्या मुलींकडे पाहून मी हा विषय निवडला, हे आरंभीच सांगून टाकतो. मात्र ऐकावयाचे आहे ते मुलींपेक्षा त्यांच्या वडीलधाऱ्यांनी.

ज्यांच्या घरी कर्करोगाचा आजार येऊन गेला, त्यांनी परळच्या टाटा रुग्णालयाच्या पायऱ्या झिजविल्या असतील. तेथे रोग्यास किरणोपचार देतात. बोलीत आपण त्यास ‘शेक देणे’ म्हणतो. कोठे व किती शेक द्यावयाचा हे डॉक्टर ठरवितात. परंतु यंत्रातून निघणारा किरण नेमका तितकाच आणि तेथेच पडेल, शेजारच्या निरोगी भागास अपाय होणार नाही, याचे गणित मांडून ते उपकरणांनी पडताळून पाहणारा एक वेगळा मनुष्य असतो. तो डॉक्टर नसतो. पदार्थविज्ञान शिकलेला असतो. त्यास वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ म्हणतात. रोग्यास त्याचे नाव ठाऊक नसते, मग आभार मानण्याचा प्रश्नच येत नाही. आपल्या मुंबईत तुर्भे येथील अणुशक्ति-संस्थेने १९६२ पासून या विद्येचे पदव्युत्तर शिक्षण सुरू केले. एम.एस्सी. झालेल्या मुला-मुलींना तेथे वाट आहे, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

याच विद्येच्या एका शाखेत, म्हणजे किरणोत्सर्गी द्रव्यांचा रोगपरीक्षेसाठी उपयोग करण्याच्या शाखेत, डॉ. रोझॅलिन यॅलो यांनी आपले आयुष्य वेचले. एकाच सरकारी रुग्णालयात चाळीस वर्षांहून अधिक काळ काम करून त्या १९९१ साली निवृत्त झाल्या. १९७७ साली त्यांस वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वैद्यकाची पदवी मात्र त्यांच्यापाशी नव्हती.

रोझॅलिनचा जन्म १९ जुलै १९२१ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. घराणे ज्यू. आई वयाच्या चौथ्या वर्षी जर्मनीहून अमेरिकेस आलेली. वडिलांचा जन्म न्यूयॉर्कमधील निर्वासितांच्या दाटीच्या वस्तीतला. उभयतांपैकी कोणीही हायस्कूलचे तोंड पाहिले नव्हते. वडिलांचा कागद व सुतळी विकण्याचा लहानसा धंदा होता. १९२९ नंतरच्या मंदीत आई घरी शिवणकाम आणी आणि ही लहान मुलगी तिला हात लावी. घरात पुस्तके नव्हती, म्हणून थोरला भाऊ आणि ती दर आठवड्यास सार्वजनिक वाचनालयात जात, जुनी पुस्तके परत करून नवी आणीत. बालवर्गात जाण्यापूर्वीच तिला वाचता येत होते.

श्रोतेहो, येथे क्षणभर थांबावेसे वाटते. आपली पोरे आपल्याहून अधिक शिकावीत, हे ज्या अल्पशिक्षित आईबापांस मनापासून वाटते, त्यांच्या घरात ग्रंथसंग्रह नसला तरी अडत नाही. गावात वाचनालय मात्र हवे आणि तेथे जाऊ द्यावयास आईबाप राजी हवेत.

पुढे रोझॅलिन हंटर कॉलेजात गेली. हे शहराने चालविलेले मुलींचे कॉलेज. तेथे शिकवणीची फी नव्हती. ते दिवस अणुविज्ञानाच्या उदयाचे होते. मादाम क्यूरी यांच्या कन्येने लिहिलेले आईचे चरित्र नुकतेच प्रसिद्ध झाले होते, ते तिने वाचले. जानेवारी १९३९ मध्ये एन्रिको फर्मी यांनी कोलंबिया विद्यापीठात अणूच्या भंजनावर व्याख्यान दिले. पाय ठेवावयास जागा नव्हती, अशा त्या सभागृहात ही सतरा वर्षांची मुलगी शिरली आणि पदार्थविज्ञान हेच आपले क्षेत्र, हा तिचा निश्चय पक्का झाला.

घरच्यांचे मत निराळे होते. मुलीने प्राथमिक शाळेत शिक्षिका व्हावे, असे त्यांस वाटे. मी स्वतः त्याच पेशातला असल्यामुळे तो सल्ला कमी दर्जाचा होता, असे म्हणणार नाही. प्रश्न इतकाच की तो सल्ला मुलीच्या बुद्धीकडे पाहून दिला होता, की ती मुलगी आहे एवढेच पाहून?

विद्यापीठांची वृत्तीही काही निराळी नव्हती. तिच्या प्राध्यापकांनी एका विद्यापीठाकडे तिची शिफारस केली. उत्तर आले त्याचा भावार्थ असा की, ही मुलगी न्यूयॉर्कची, ज्यू आणि त्यातून स्त्री. पुढे हिला नोकरी मिळेल अशी हमी आपण देत असाल, तर आम्ही प्रवेशाचा विचार करू. अशी हमी कोण देणार? तेव्हा तिने मागच्या दाराने शिरण्याचे ठरविले. कोलंबियातील एका नामांकित रसायनवेत्त्याची टंकलेखिका व्हावयाचे, लघुलेखन शिकावयाचे आणि त्या निमित्ताने विद्यापीठातील वर्गांना बसावयास मिळते का, ते पाहावयाचे, असा तो बेत होता. जानेवारी १९४१ मध्ये ती उत्तम गुणांनी पदवीधर झाली आणि लघुलेखनाच्या वर्गात जाऊन बसली.

आणि मग इलिनॉय विद्यापीठाचे पत्र आले. पदार्थविज्ञान विभागात साहाय्यक अध्यापकाची जागा देऊ केली होती. महायुद्धाच्या तयारीमुळे तरुण पुरुष सैन्याकडे वळू लागले होते आणि वर्ग ओस पडण्याची वेळ आली होती. तिने लघुलेखनाची पुस्तके फाडून टाकली. त्या वर्षी सप्टेंबरात ती तेथे रुजू झाली, तेव्हा अभियांत्रिकी महाविद्यालयातील चारशे अध्यापकांत ती एकटीच स्त्री होती. १९१७ नंतर तेथे प्रवेश मिळालेली ही पहिलीच स्त्री, असे तिला सांगण्यात आले.

दार युद्धाने उघडले, हे खरे. पण दार उघडले तेव्हा उंबऱ्याशी जी तयारीनिशी उभी होती, तीच आत जाऊ शकली. हंटरमध्ये तिचे पदार्थविज्ञानाचे शिक्षण बेताचेच झाले होते. ती उणीव भरून काढण्यासाठी तिने उन्हाळ्यात दोन जादा विषय पुरे केले. इलिनॉयमध्ये दुसऱ्यांना शिकवीत असतानाच ती स्वतः पदवीपूर्व वर्गातही बसे. एका सत्रात तिला सर्व विषयांत सर्वोच्च श्रेणी मिळाली, फक्त प्रयोगशाळेच्या एका भागात किंचित कमी. तेवढ्यावरून स्त्रिया प्रयोगकामात कच्च्या असतात हे सिद्ध झाले, असा निष्कर्ष विभागप्रमुखांनी काढला. पुढे जिच्या प्रयोगाने वैद्यकशास्त्राची दिशा पालटली, तिच्याविषयीचा हा अभिप्राय!

विद्यापीठातील पहिल्याच दिवशी तिला ॲरन यॅलो हा सहाध्यायी भेटला. तो एका ज्यू धर्मोपदेशकाचा मुलगा. ६ जून १९४३ रोजी त्यांचा विवाह झाला आणि जानेवारी १९४५ मध्ये रोझॅलिनबाईंनी अणुगर्भ-विज्ञानात डॉक्टरेट मिळविली. न्यूयॉर्कला परतल्यावर काही काळ त्यांनी दूरसंदेशवहनाच्या एका प्रयोगशाळेत काम केले आणि १९४६ पासून हंटर कॉलेजात अध्यापन केले. डॉक्टरेट झाली, नोकरी मिळाली, संसार थाटला. आपल्याकडे बहुधा येथेच चरित्र संपते.

त्यांचे मात्र येथून सुरू झाले आणि त्यास निमित्त झाले त्यांचे यजमान. ॲरन यॅलो यांनी ब्रॉंक्समधील एका रुग्णालयात वैद्यकीय पदार्थविज्ञानाचे काम पत्करले होते. या नव्या क्षेत्रात आपल्या पत्नीच्या बुद्धीस वाव आहे, हे त्यांनी ओळखले. त्यांच्याच ओळखीने बाईंची कोलंबियातील एडिथ क्विम्बी यांच्याशी गाठ पडली. क्विम्बीबाई या विद्येच्या आद्य प्रवर्तकांपैकी. त्यांच्या प्रयोगशाळेत यॅलोबाईंनी विनावेतन काम केले आणि किरणोत्सर्गी द्रव्ये रोग्यांच्या उपयोगी कशी आणावी, याचे प्राथमिक पाठ घेतले. क्विम्बीबाईंनी त्यांस आपल्या वरिष्ठांकडे नेले, वरिष्ठांनी दूरध्वनी केला, आणि डिसेंबर १९४७ मध्ये माजी सैनिकांसाठी सरकारने चालविलेल्या ब्रॉंक्स येथील रुग्णालयात बाईंस अर्धवेळ काम मिळाले.

प्रयोगशाळेसाठी जी खोली मिळाली, ती झाडूवाल्यांचे सामान ठेवण्याची कोठडी होती. तयार उपकरणे बाजारात फारशी नव्हती, म्हणून पुष्कळशी त्यांनी स्वतः जुळविली. जानेवारी १९५० मध्ये त्यांनी कॉलेज सोडले व सर्व वेळ या कामास दिला. त्याच वर्षी जुलैत सॉलोमन बर्सन नावाचे तरुण डॉक्टर येऊन मिळाले. बर्सन यांस शरीर व रोग ठाऊक. बाईंस गणित व किरणोत्सर्ग ठाऊक. दोघांनी एकमेकांस शिकविले. ही जोडी बावीस वर्षे टिकली.

आता त्यांच्या मुख्य शोधाकडे वळतो. मधुमेह हा शब्द या सभागृहातील कोणाही कुटुंबास परका नाही. प्रौढपणी येणाऱ्या मधुमेहात शरीरातील इन्सुलिन फार लवकर नष्ट होत असावे, असे तेव्हा काही शास्त्रज्ञांचे अनुमान होते. त्याची परीक्षा पाहण्यासाठी या दोघांनी किरणोत्सर्गी आयोडीन जोडलेले इन्सुलिन टोचले व ते रक्तातून किती वेळात नाहीसे होते, ते मोजले. पाहतात तो उलटेच! ज्यांनी पूर्वी इन्सुलिनची इंजेक्शने घेतली होती, त्यांच्या रक्तात ते अधिक काळ रेंगाळे. प्राण्यांपासून काढलेले ते परके इन्सुलिन शरीराने ओळखले होते आणि त्यास पकडून ठेवणारी प्रतिद्रव्ये तयार केली होती, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला.

इन्सुलिनचा रेणू लहान. इतक्या लहान रेणूविरुद्ध प्रतिद्रव्य तयार होत नाही, अशी तत्कालीन पंडितांची धारणा होती. ‘सायन्स’ या नियतकालिकाने त्यांचा निबंध परत केला. दुसऱ्यानेही प्रथम नाकारला आणि शीर्षकातून ‘प्रतिद्रव्य’ हा शब्द काढल्यावरच १९५६ साली छापला. ते नकाराचे पत्र बाईंनी जपून ठेवले आणि एकवीस वर्षांनी नोबेल व्याख्यानात सर्व जगापुढे दाखविले.

या शोधातूनच मोजण्याची एक अपूर्व युक्ती निघाली. ती मी आपल्या लग्नकार्यातील पंगतीच्या दृष्टांताने सांगतो. समजा, पंगतीस पन्नासच पाट मांडले आहेत. पन्नास पाहुण्यांस आपण कपाळी गंध लावून सोडले. त्याच वेळी बिनगंधाचे किती लोक मांडवात शिरले, हे आपणांस ठाऊक नाही. तेच शोधावयाचे आहे. सगळे एकमेकांत मिसळले, ज्यास पाट मिळाला तो बसला. आता पाटांवरील गंधवाले तेवढे मोजा. ते थोडे भरले, तर बिनगंधाचे पुष्कळ आले असले पाहिजेत. पुष्कळ भरले, तर थोडे. आधी माहीत असलेल्या संख्येच्या पंगती बसवून कोष्टक तयार ठेवले, की अज्ञात संख्या त्यावरून वाचता येते. पाट म्हणजे प्रतिद्रव्य, गंधवाले म्हणजे किरणोत्सर्गी खूण केलेले इन्सुलिन आणि बिनगंधाचे म्हणजे रोग्याच्या स्वतःच्या रक्तातील इन्सुलिन. हीच ती ‘रेडिओइम्युनोॲसे’ पद्धती. १९५९-६० च्या सुमारास ती सिद्ध झाली. उपाशीपोटी असलेल्या निरोगी माणसाच्या एका मिलिलिटर रक्तात, एका ग्रॅमचे एक अब्ज भाग केले तर त्यातील एका भागाहूनही कमी इन्सुलिन असते. एवढी सूक्ष्म राशी या पद्धतीने मोजता येऊ लागली. तिच्याच साहाय्याने, प्रौढ वयात मधुमेह झालेल्या पुष्कळांच्या रक्तात इन्सुलिन कमी नसून उलट अधिक असते, हेही उघड झाले.

इन्सुलिनास जे लागू पडले ते शरीरातील इतर अंतःस्रावांसही लागू पडले. रक्तपेढीतील रक्तात काविळीचे विषाणू आहेत का, हे शोधण्यास ही पद्धती उपयोगी पडली. परंतु मला शिक्षक या नात्याने सर्वांत मोलाचा वाटतो तो एक वेगळाच उपयोग. काही अर्भके कंठग्रंथीच्या, म्हणजे थायरॉईडच्या, स्रावावाचून जन्मास येतात. जन्मतः त्यांच्यात काही वावगे दिसत नाही. पण दोन-चार महिने निघून गेले, की मेंदूची वाढ खुंटते, ती कायमची. १९७० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात कॅनडातील क्वेबेक प्रांतात नवजात बालकांच्या टाचेतील रक्ताचा थेंब कागदावर टिपून त्याची या पद्धतीने परीक्षा सुरू झाली. दर तीन-चार हजारांत असे एक बालक सापडे. त्यास रोज एक साधी गोळी दिली, की ते इतरांसारखे वाढते. शाळेच्या शेवटच्या बाकावर बसणाऱ्या, ज्याच्या नशिबी जन्मभर ‘ढ’ हे अक्षर यावयाचे, अशा कित्येक मुलांस त्या एका थेंबाने पहिल्या बाकापर्यंत आणले आहे. आपल्या घरी नातवंड जन्मास आले, तर ही तपासणी झाली का, एवढे डॉक्टरांस अवश्य विचारा.

आपल्या देशातही तुर्भ्याच्या संस्थेने परळ येथे १९६३ साली किरणोत्सर्गी वैद्यकाचे केंद्र काढले आणि या परीक्षांस लागणारे साहित्य मुंबईत तयार होऊ लागले. आज किरणोत्सर्गी खुणेऐवजी प्रकाश देणारी किंवा रंग पालटणारी खूण बहुतेक ठिकाणी वापरतात. खूण बदलली, पण पुष्कळ परीक्षांत पंगतीचा हिशेब तोच आहे. थायरॉईडची तपासणी करून आलेली आपल्यातील प्रत्येक भगिनी यॅलोबाईंची थोडीबहुत ऋणी आहे. या पद्धतीचे हक्क विकत देऊन अपार द्रव्य मिळविता आले असते. बर्सन व यॅलो यांनी ते हक्क राखून ठेवले नाहीत. विद्या सर्वांस मोकळी केली.

आता संसाराविषयी. यॅलो दांपत्यास एक मुलगा व एक मुलगी झाली. घर रुग्णालयापासून मैलाच्या आत होते. यजमान धर्मनिष्ठ, त्यामुळे स्वयंपाकघर ज्यू धर्मनियमांप्रमाणे चाले : दूधदुभत्याची भांडी वेगळी, मांसाची वेगळी, एकाचा दुसऱ्यास स्पर्श नाही. आपल्या आजीचे सोवळे ज्यांनी पाहिले आहे, त्यांस त्यातील श्रम सांगावयास नकोत. दिवसभर प्रयोगशाळा सांभाळून, आणि वेळप्रसंगी रात्रीही तेथे जाऊन, बाईंनी हे सारे पाळले. मुलगा नऊ वर्षांचा होईपर्यंत घरात राहणारी मदतनीस होती. पुढे काही तासांपुरती. यजमान स्वतः पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. मुलगा संगणकाच्या व्यवसायात गेला आणि मुलीने शैक्षणिक मानसशास्त्रात उच्च शिक्षण घेतले.

हे ऐकून आपल्यापैकी कोणी घरी जाऊन सुनेस म्हणेल, “पाहा, नोबेल मिळविणारी बाईसुद्धा चूल सोडीत नव्हती!” माझी हात जोडून विनंती आहे की, या चरित्राचा असा उपयोग करू नये. दुहेरी ओझे एकीने वाहून दाखविले, म्हणून ते सर्वांच्या शिरावर ठेवणे न्याय्य ठरत नाही. लक्षात घ्यावयाचे ते हे की, त्या घरात बाईंच्या कामास दुय्यम मानले जात नव्हते. त्यांचे क्षेत्र त्यांस यजमानांनीच दाखविले होते आणि घरात पगारी मदतनीस ठेवण्यास कोणी उधळपट्टी म्हटले नाही. आपल्याकडे सुनेच्या शिक्षणाचा अभिमान असतो. पण तिच्या परीक्षेच्या किंवा प्रयोगाच्या दिवशी सकाळचा चहा कोणी करावयाचा, हा प्रश्न निघाला की घर गप्प होते. कित्येक बुद्धिमान स्त्रियांची विद्या त्या चहाच्या पेल्यात बुडाली आहे.

११ एप्रिल १९७२ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, बर्सन अकस्मात निवर्तले. बाईंवर दुहेरी आघात झाला. बावीस वर्षांचा सहकारी गेला. आणि बर्सन हे त्या जोडीचा मेंदू, बाई केवळ हात, असा ज्यांचा ग्रह होता, त्यांस आता सारे संपले असे वाटू लागले. बाईंनी वादविवाद केला नाही. प्रयोगशाळेस बर्सन यांचे नाव द्यावे, असा त्यांनी आग्रह धरला, म्हणजे तेथून निघणाऱ्या प्रत्येक निबंधावर ते नाव छापले जाईल. आणि काम पूर्वीच्याच नेटाने चालू ठेवले. १९७६ साली लास्कर पारितोषिक आणि १९७७ साली नोबेल मिळाले. त्या वर्षीच्या वैद्यकाच्या नोबेलचा अर्धा वाटा बाईंचा होता. उरलेला अर्धा गियमिन व शाली या दोघा शास्त्रज्ञांत विभागला गेला. वैद्यकशास्त्रात हा मान मिळविणारी ती दुसरी स्त्री. पहिल्या, १९४७ सालच्या, गर्टी कोरी. दिवंगतास नोबेल देत नाहीत, म्हणून बर्सन यांचे नाव त्यात नाही. पण बाईंनी ते जगास विसरू दिले नाही. सहकाऱ्याचे ऋण कसे फेडावे, याचा याहून चांगला धडा कोणता?

स्टॉकहोममध्ये विद्यार्थ्यांपुढे बोलताना त्यांनी जे सांगितले त्याचा आशय असा : जगापुढील प्रश्न सोडवावयाचे, तर अर्ध्या मनुष्यजातीची बुद्धी वाया घालविणे जगास परवडणारे नाही. १९९२ साली ॲरन यॅलो निवर्तले. ३० मे २०११ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, बाईंनी इहलोक सोडला.

ज्ञातिबंधूंनो, आता आपल्या घरचा हिशेब. आपल्या स्मरणिकेच्या आरंभीच्या पृष्ठांवर गुणवंतांची छायाचित्रे असतात आणि अखेरीच्या पृष्ठांवर वधूवर-सूचक यादी. पुढच्या पानावर जिच्या नावाखाली ‘पदार्थविज्ञानात विशेष प्रावीण्य’ असे छापलेले असते, तिचीच चार-पाच वर्षांनी मागच्या पानावर नोंद येते : ‘पदवीधर, गृहकृत्यदक्ष, वर्ण गोरा, उंची अमुक.’ पुढच्या पानापासून मागच्या पानापर्यंत येताना तिचा विषय कोठे गळून पडतो? तो कोणी हिरावून घेत नाही. “अजून किती शिकायचे?”, “एवढ्या लांब एकटी कशी राहील?”, “शिक्षिका झाली तरी पुष्कळ” अशा प्रेमळ वाक्यांनीच तो हळूहळू झिजतो. न्यूयॉर्कच्या त्या गरीब घरातही हीच वाक्ये बोलली गेली असतील. पण पत्र आले त्या दिवशी आईबापांनी वाट अडविली नाही आणि मुलगी कोसो दूर गेली.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, पारितोषिकाची रक्कम दहावी-बारावीच्या गुणांवर संपवून न टाकता तिचा एक भाग पदवीनंतर परगावी शिकावयास जाणाऱ्या मुलींसाठी, परतफेडीच्या अटीवर का होईना, राखून ठेवावा. दुसरी, वधूवर-सूचक यादीत मुलीचा विषय आणि पुढे काय करण्याचा मानस आहे, ते स्पष्ट छापावे. आणि मुलाच्या नोंदीत ‘पत्नीच्या शिक्षणास व व्यवसायास अनुकूल’ हा रकाना घालावा. तो कोरा ठेवणाऱ्याविषयी वधूपित्यांनी काय समजावयाचे ते समजावे. तिसरी, क्विम्बीबाईंनी जे केले ते आपल्यातील शिकून स्थिरावलेल्यांनी करावे : होतकरू मुलीस बरोबर घेऊन योग्य माणसाकडे जावे, एक दूरध्वनी करावा, एक शिफारसपत्र लिहावे. ज्ञातिसंस्थेचे खरे भांडवल इमारतनिधीत नसते. अशा ओळखीपाळखीत असते.

आणि एक शेवटचे. ज्यू म्हणून जिच्याविषयी कोठे कोठे दारे बंद होती, तिचा शोध सर्व धर्मांच्या, सर्व जातींच्या अर्भकांस वाचवितो. रक्ताच्या थेंबास तपासताना जात विचारावी लागत नाही. आपले मंडळ आपल्या मुलांस उभे करण्यासाठी आहे, हे योग्यच. पण उभे राहिल्यावर त्यांनी जे करावयाचे ते सर्वांसाठी, ही दृष्टी त्यांस येथूनच मिळावी.

आज पारितोषिक घेणाऱ्या मुली-मुलांनो, तुमच्यापैकी सर्वांस नोबेल मिळणार नाही, आणि त्याची गरजही नाही. रुग्णालयाच्या एखाद्या कोपऱ्यात, कोणाच्या ध्यानी न येता, एखाद्या रोग्यावर पडणारा किरण अचूक मोजणारा मनुष्य व्हा. तेवढ्याने आयुष्य सार्थकी लागेल. तुमचा विषय घट्ट धरून ठेवा. वडीलधारी मंडळी तुमचा हात धरतील, असा मला भरवसा आहे.